२०२४ च्या अमेरिकन विनोदी मालिका : काय पाहावे, काय सोडावे

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी आई साताऱ्याहून न्यू जर्सीला आमच्याकडे राहायला आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे शिकवून ती निवृत्त झालेली. इंग्रजी वाचण्यात तिला अडचण नाही, परंतु अमेरिकन बोलण्याच्या वेगापुढे ती हात टेकते. नववीतल्या आमच्या मुलीला मराठी सगळे समजते, बोलताना मात्र ती क्रियापदापाशी अडखळते. जेवणे आटोपल्यावर आठ ते नऊ, एवढाच तास घरातल्या सर्वांना एकत्र मोकळा मिळतो. त्या तासात दूरचित्रवाणीवर काय लावायचे, यावर गेला दीड महिना आमच्याकडे जो खल चालला आहे, त्यातूनच हा लेख झाला. ‘यंदा पाहण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न तसा दर शरदात स्नेही मंडळी विचारतातच. घरात तीन पिढ्या असल्या की त्याचे उत्तर अधिक जपून द्यावे लागते.

२०२४ चा शरद हा दोन वर्षांतला पहिला नेहमीसारखा शरद होता. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, २ मे ते २७ सप्टेंबर असे १४८ दिवस अमेरिकन पटकथालेखक संपावर होते. १४ जुलैपासून कलावंतही संपात उतरले आणि तो संप ९ नोव्हेंबरपर्यंत लांबला. शरदात सुरू होणाऱ्या मालिका त्यामुळे हिवाळ्यावर ढकलल्या गेल्या. एबीसीवरील ‘ॲबट एलिमेंटरी’चे तिसरे पर्व फेब्रुवारीत सुरू होऊन १४ भागांत आटोपले; सीबीएसवरील ‘घोस्ट्स’ला १० भागांवर समाधान मानावे लागले. २०२४ च्या शरदात दोन्ही मालिकांची २२ भागांची पूर्ण पर्वे सुरू झाली.

भागांची ही संख्या केवळ हिशेबापुरती नाही. विनोदी मालिका मुरायला वेळ लागतो. पहिला भाग लिहिला जातो तेव्हा कोणत्या नटाच्या तोंडी काय शोभते, कोणत्या दोन पात्रांना समोरासमोर उभे केले की ठिणगी पडते, हे लेखकांना ठाऊक नसते. शिवाय बावीस मिनिटांत साऱ्यांची ओळख करून द्यायची असते. ‘साइनफेल्ड’चा पहिला भाग १९८९ च्या जुलैत दाखवला गेला. प्रेक्षक-चाचणीत तो इतका नापसंत ठरला होता की वाहिनीने पुढे मागवले ते अवघे चार भाग. अमेरिकन ‘द ऑफिस’चे २००५ मधील पहिले पर्व सहा भागांचे होते, आणि त्यातला पहिला भाग तर ब्रिटिश मूळ मालिकेची जवळजवळ प्रसंगागणिक नक्कल होता. पुढे या दोन्ही मालिकांचे काय झाले हे सांगायला नको. म्हणून नव्या मालिकेचा पहिला भाग पाहून तिच्यावर शिक्का मारू नये. माझा स्वतःचा रिवाज असा की पहिला भाग पात्रांच्या ओळखीपुरता पाहावा आणि निकाल चौथ्या भागानंतर द्यावा. चार भाग म्हणजे दीड तासही होत नाही. एखाद्या सुमार चित्रपटावर आपण याहून अधिक वेळ घालवतो.

मात्र निकाल द्यायचा तो कशाच्या आधारे? इथे शाळेत शिकलेली आपली जुनी वर्गवारी उपयोगी पडते: शब्दनिष्ठ विनोद, प्रसंगनिष्ठ विनोद आणि स्वभावनिष्ठ विनोद. शब्दनिष्ठ विनोद, म्हणजे कोटी, हा परक्या भाषेत सर्वांत आधी मरतो. अमेरिकन मालिकांत त्याचाच एक चुलतभाऊ आढळतो, तो म्हणजे संदर्भाचा विनोद: ऐंशीच्या दशकातली एखादी जाहिरात, फुटबॉलच्या सामन्यातली एखादी गाजलेली चूक, शाळेच्या डब्यातला एखादा पदार्थ. जो त्या काळात इथे वाढला तो खळखळून हसतो. आपण विशीत किंवा तिशीत आलो असल्याने आपल्याला तो विनोद समजावून घ्यावा लागतो, आणि समजावून घेतलेल्या विनोदावर फार तर मान डोलावता येते. प्रसंगनिष्ठ विनोद सीमा ओलांडतो, पण लवकर शिळा होतो. स्वभावनिष्ठ विनोदाला मात्र पारपत्र लागत नाही. ‘बटाट्याच्या चाळी’तली माणसे गिरगाव न पाहिलेल्याही वाचकाला हसवतात, कारण तिथे हसू माणसाच्या हट्टातून, भित्रेपणातून, बढाईतून येते. चिं. वि. जोशींचे चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी दूरदर्शनवर उभे केले तेव्हा घराघरांत लोक हसले, ते चिमणरावांच्या स्वभावाला. अमेरिकन मालिका निवडताना मी हाच निकष लावतो: पात्राच्या तोंडचे वाक्य दुसऱ्या पात्राच्या तोंडी घातले तरी ते तितकेच विनोदी वाटत असेल, तर ती मालिका सोडून द्यावी.

आता थोडे तंत्राविषयी, कारण त्यावरही निवड अवलंबून आहे. १९५१ साली सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ने प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी चित्रण करण्याची पद्धत रूढ केली. प्रेक्षकांचे हसणे त्या चित्रणाचाच भाग असे. त्याच दशकात चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने मुद्रित हास्याचे यंत्र तयार केले, आणि प्रेक्षक समोर नसतानाही हशा पिकवता येऊ लागला. जाणकारांनी या हास्यध्वनीला बरीच नावे ठेवली आहेत. माझे मत त्यांच्याइतके कठोर नाही, आणि त्याला कारण आहे. वीस वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा ‘फ्रेंड्स’चे पुनःप्रक्षेपण रोज संध्याकाळी लागत असे. पार्श्वभूमीवर हशा आला की समजायचे, इथे विनोद झाला. मग तो कुठे झाला याचा माग मागे जाऊन काढायचा. कार्यालयात दुपारच्या जेवणाच्या मेजावर सहकाऱ्यांच्या अर्धा सेकंद मागून हसण्याची जी नामुष्की आपल्यापैकी अनेकांनी सोसली आहे, तिच्यावर माझ्यापुरता उतारा या हास्यध्वनीनेच दिला.

आज तो हशा बराचसा मावळला आहे. त्याच्या जागी आला आहे कॅमेऱ्याकडे टाकलेला कटाक्ष. ब्रिटनमध्ये २००१ साली आलेल्या ‘द ऑफिस’पासून अनुबोधपटाचा आव आणणाऱ्या विनोदी मालिकांचे पेव फुटले. एखाद्या कचेरीत चित्रीकरण करणारे पथक आले आहे, अशी कल्पना करायची. वरिष्ठ काही तरी मूर्खपणाचे बोलतो आणि कर्मचारी हळूच कॅमेऱ्याकडे पाहतो. तो कटाक्ष हास्यध्वनीचेच काम करतो, फक्त मोठ्याने हसत नाही. माझ्या आईला ही पद्धत दोन दिवसांत अवगत झाली. ‘हेडमास्तर बोलायला लागले की आम्हीही एकमेकींकडे असेच पाहायचो,’ असे तिचे म्हणणे.

हे तिने म्हटले ते ‘ॲबट एलिमेंटरी’ पाहताना, आणि यंदा एकच मालिका पाहायची असेल तर मी तिचेच नाव सुचवीन. फिलाडेल्फियातील एक गरीब सरकारी प्राथमिक शाळा, तुटपुंजा निधी, गळके छत, आणि तरीही वर्ग चालवणारे शिक्षक. मालिकेची निर्माती आणि नायिका क्विंटा ब्रन्सन हिची आई फिलाडेल्फियातच शिक्षिका होती, आणि शाळेला दिलेले ‘ॲबट’ हे नाव ब्रन्सनला सहावीत शिकवणाऱ्या बाईंचे आहे. ही आपुलकी लिखाणात जाणवते. शेरिल ली राल्फ यांनी साकारलेल्या बार्बरा हॉवर्ड या ज्येष्ठ शिक्षिका पाहताना तर मराठी माणसाला आपल्या शाळेतल्या एखाद्या बाई आठवल्याशिवाय राहत नाहीत: इस्त्रीची घडी न मोडणाऱ्या, देवभोळ्या, आणि नुसत्या नजरेने वर्ग शांत करणाऱ्या. मुख्याध्यापिका एव्हा तितकीच बेजबाबदार. जेनेल जेम्सने ती अशी रंगवली आहे की तिचा राग येऊ नये. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पर्वात शाळेच्या शेजारी गोल्फचे मैदान उभे राहते आहे आणि त्या निमित्ताने वस्तीत येणारा नवा पैसा शाळेच्या दारात उभा आहे. विषय गंभीर आहे, तरी कुठेही व्याख्यान नाही. स्वतःच्या पगारातून खडू आणि तक्ते आणलेल्या माझ्या आईला त्यातले एकही वाक्य भाषांतरित करून सांगावे लागले नाही, असे मी म्हणणार नाही. पण वाक्य सांगण्याआधीच ती हसलेली असे, असे बऱ्याचदा झाले.

‘घोस्ट्स’ची कल्पना २०१९ च्या ब्रिटिश मालिकेची. मूळ मालिकेच्या एका पर्वात सहाच भाग असत, त्यामुळे तिची वीण घट्ट आहे. अमेरिकन अवताराला बावीस भागांचा पसारा मांडावा लागतो, म्हणून मधले काही भाग सैल पडतात, हे मान्य करून पुढे जाऊ. न्यूयॉर्क राज्यातील एक जुना वाडा सॅम नावाच्या तरुणीला वारशाने मिळतो. जिन्यावरून पडून मरता मरता वाचल्यावर तिला त्या वाड्यात मेलेली सारी माणसे दिसू लागतात. एक व्हायकिंग, एक लेनापे आदिवासी, स्वातंत्र्ययुद्धातला एक अधिकारी, सोन्याचांदीच्या युगातली एक गर्विष्ठ मालकीण, दारूबंदीच्या काळातली एक जॅझ गायिका, गळ्यात बाण घुसलेला एक स्काउट शिक्षक, विजार नसलेला एक शेअरदलाल. आपल्याकडचे मुंजे आणि हडळी पिंपळ धरून बसतात, तसे हे सारे त्या वाड्याला जखडलेले. प्रत्येक भूत आपल्या काळाचे पूर्वग्रह घेऊन वावरत असल्याने विनोद आपसूकच स्वभावातून येतो, आणि जाता जाता अमेरिकेचा तीनचारशे वर्षांचा इतिहासही कानावर पडतो. नवव्या इयत्तेतल्या मुलीला ही गोष्ट सांगू नये, नाहीतर ती पाहायची थांबेल.

सॅमचा नवरा जय ही भूमिका उत्कर्ष अंबुडकर करतो. आडनाव ऐकून मराठी कान टवकारले जातातच, पण माझे कुतूहल वेगळ्या गोष्टीचे आहे. जयला भुते दिसत नाहीत आणि ऐकूही येत नाहीत. तो स्वतःच्याच घरात बसलेला असतो, भोवती आठ जण गप्पा मारत असतात, थट्टा करीत असतात, आणि तो बायकोकडे पाहत असतो: काय म्हणाले ते? ती सांगते, मग तो हसतो, आणि कधीकधी ती सांगेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. तो रागावत नाही, उलट उत्साहाने अदृश्य माणसांच्या दिशेने, बहुधा चुकीच्याच दिशेने, उत्तर देतो. आमच्या सोफ्यावर आई नेमकी याच जागी बसलेली असते आणि माझी मुलगी सॅमच्या जागी. मालिकेने हा मुद्दा कधी बोलून दाखवलेला नाही, आणि तो बोलून दाखवू नये हेच बरे.

एनबीसीवर १२ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झालेली ‘सेंट डेनिस मेडिकल’ ही त्या वर्षीच्या नव्या मालिकांतली सर्वांत आशादायक. ऑरेगनमधील एक अपुऱ्या निधीवर चालणारे रुग्णालय आणि पुन्हा तेच चित्रीकरणाचे पथक. जस्टिन स्पिट्झर आणि एरिक लेडजिन हे तिचे निर्माते. वेंडी मॅकलेंडन-कोव्ही हिने रुग्णालयाची महत्त्वाकांक्षी संचालिका केली आहे, तर ॲलिसन टोल्मनची परिचारिका सगळा भार आपल्याच खांद्यावर घेणारी. आपल्या वाचकांत डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांची संगणकप्रणाली सांभाळणारे बरेच आहेत. त्यांना संचालिकेच्या सभांमधले दुःख विशेष कळेल. माझे निकालपत्र अजून राखून ठेवले आहे, कारण माझा चौथ्या भागाचा नियम.

‘यंग शेल्डन’ मे २०२४ मध्ये संपली. तिच्यातल्या थोरल्या भावाच्या संसाराची ‘जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज’ ही मालिका सीबीएसवर १७ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. ‘यंग शेल्डन’मध्ये हास्यध्वनी नव्हता, हिच्यात आहे, पहिल्याच भागात पात्रांनी त्यावरून एक चिमटाही काढला आहे. सासुरवाडीत राहणारा कमी शिकलेला जावई आणि त्याच्यावर बारीक लक्ष ठेवून असलेली सासू, ही जोडी मराठी प्रेक्षकाला नवी नाही. एनबीसीवरील ‘हॅपीज प्लेस’मध्ये रीबा मॅकएंटायर वडिलांच्या मद्यालयाची मालकीण होते आणि तिला एका सावत्र बहिणीचा शोध लागतो, सीबीएसवरील ‘पॉपाज हाउस’मध्ये डेमन वेयन्स पितापुत्र आहेत. दोन्ही कपडे घड्या घालताना पाहाव्यात, म्हणजे वेळ वाया गेल्यासारखे वाटत नाही.

पुरस्कारांकडे पाहून निवड करणाऱ्यांना यंदा सावध करावेसे वाटते. सप्टेंबर २०२४ च्या एमी सोहळ्यात ‘द बेअर’ने एकाच वर्षात ११ पुरस्कार मिळवून विनोदी मालिकांतला तोवरचा उच्चांक गाठला, आणि तरीही सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा मान ‘हॅक्स’ने पटकावला. ‘द बेअर’ ही शिकागोतल्या एका उपाहारगृहाची, शोकाची आणि आरडाओरड्याची गोष्ट आहे. मालिका थोर आहे. ती विनोदी आहे की नाही यावरून त्या सोहळ्याच्या सूत्रसंचालकांनीही थट्टा केली. दिवसभराच्या कामानंतर हसण्यासाठी ती लावली तर रक्तदाब मोजून घ्यावा लागेल. ‘हॅक्स’ खरोखर विनोदी आहे, जीन स्मार्टची वृद्ध विनोदी कलावंत पाहण्यासारखी आहे, परंतु भाषा मोकळी असल्याने आई आणि मुलगी दोघी झोपल्यावरची. नेटफ्लिक्सवरील ‘नोबडी वॉन्ट्स धिस’ही त्याच यादीत. क्रिस्टन बेलची धर्माशी देणेघेणे नसलेली पॉडकास्टर आणि ॲडम ब्रॉडीचा ज्यू धर्मगुरू यांच्या प्रेमाची ही गोष्ट, पहिले पर्व दहा भागांचे. ज्यू स्त्रियांचे तिच्यातले चित्रण एकांगी आहे अशी टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. पण ‘मुलगी आपल्यातली आहे ना?’ हा प्रश्न ज्या घरात विचारला गेला आहे, त्या घराला ती परकी वाटणार नाही.

सर्वांत शेवटी सांगायची मालिका २१ नोव्हेंबर २०२४ ला नेटफ्लिक्सवर आली: ‘अ मॅन ऑन द इनसाइड’. पहिल्या पर्वाचे आठच भाग. ‘द गुड प्लेस’ लिहिणाऱ्या मायकेल शूरने माइते अल्बर्डी या दिग्दर्शिकेच्या ‘द मोल एजंट’ या चिलीतील माहितीपटावरून ती बेतली आहे. टेड डॅन्सन हा निवृत्त प्राध्यापक चार्ल्स. पत्नीच्या निधनानंतर तो घरात कोंडून घेतो. दूर राहणाऱ्या मुलीला वर्तमानपत्रातली कात्रणे टपालाने पाठवतो. बोलण्यासारखे बाकी काही उरलेले नसते. मुलीच्या आग्रहावरून काही उद्योग शोधताना त्याला एका खासगी गुप्तहेराकडे काम मिळते: सॅन फ्रान्सिस्कोतील एका वृद्धाश्रमात रहिवासी म्हणून शिरायचे आणि हरवलेल्या दागिन्याचा छडा लावायचा. शहात्तर वर्षांच्या माणसाला हेरगिरीच्या उत्साहाने भारलेला पाहणे हाच मोठा विनोद आहे. हळूहळू मात्र मालिका त्या वास्तूतल्या एकाकीपणाकडे आणि विस्मृतीकडे वळते, आणि हसणे न थांबवता वळते.

माझी आई वर्तमानपत्रातली कात्रणे पाठवत नाही. रोज सकाळी साडेसहाला, म्हणजे साताऱ्यातल्या दुपारी, व्हॉट्सॲपवर आरोग्याचे काही तरी पाठवते, आणि मी ते बहुतेक वेळा न उघडता अंगठा दाखवतो. पहिला भाग चालू असताना आम्ही दोघे एकमेकांकडे न पाहता पडद्याकडे पाहत होतो. मुलीने मध्येच विचारले, ‘आजी, तू एकटी असताना संध्याकाळी काय करतेस?’ मराठी वाक्य होते आणि क्रियापद बरोबर आले होते. आईने सविस्तर उत्तर दिले, त्यासाठी भाग थांबवावा लागला. इथे राहून तिकडच्या आईवडिलांची काळजी करणाऱ्यांनी ही मालिका एकट्याने पाहू नये. ज्यांच्याविषयी काळजी आहे त्यांच्यासह पाहावी, आणि ते तिकडे असतील तर फोन जवळ ठेवून.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्या साध्या अँटेनावर फुकट दिसतात, हे अनेकजण विसरतात. वेळेवर पाहणे जमत नसेल तर एबीसीच्या मालिका दुसऱ्या दिवशी हुलूवर, एनबीसीच्या पीकॉकवर आणि सीबीएसच्या पॅरामाउंट प्लसवर मिळतात; सारी वर्गणी एकाच वेळी भरण्यापेक्षा एका महिन्यात एक घ्यावी आणि पाहून झाले की बंद करावी. उपशीर्षके पहिल्या दिवसापासून चालू ठेवावीत. आपल्याला इंग्रजी येते, या अभिमानापोटी मी ती दहा वर्षे बंद ठेवली होती, आणि तेवढे विनोद हुकवले.

आई मार्चच्या अखेरीस परत जाणार. बावीस भागांच्या मालिका तोवर संपणार नाहीत, म्हणून आमचा क्रम असा ठरला आहे: आधी ‘अ मॅन ऑन द इनसाइड’चे उरलेले भाग, मग नाताळच्या सुट्टीत ‘ॲबट’ची जुनी पर्वे पहिल्यापासून, आणि गुरुवारी रात्री जेवणानंतर ‘घोस्ट्स’, मुलीच्या भाषांतरासह.